‘लेफ्टओव्हर्चर’ अजूनही अख्खा का ऐकावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅन्सस या अमेरिकन बँडच्या १९७६ सालच्या ‘लेफ्टओव्हर्चर’ या अल्बममधले ‘कॅरी ऑन वेवर्ड सन’ हे पहिले गाणे आपल्याला फार आवडले, म्हणून आपण पुढचा अल्बमही ऐकला, पण पुढची गाणी लांबलचक, वळणावळणांची आणि काहीशी जुन्या काळात अडकलेली वाटली. तरीही जाणकार हा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐकायला सांगतात, ते का, आणि इतक्या वर्षांनंतर त्याची ओढ नेमकी कशात आहे?

मी गेली एकतीस वर्षे पुण्यात ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगचे, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र जुळवण्याचे, काम करतो आणि त्याआधी कॉलेजच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवत असे. हा अल्बम मी श्रोता म्हणून ऐकला आहे, वादक म्हणून बसवण्याचा प्रयत्न केला आहे आणि ध्वनिमुद्रक म्हणून त्याची उकल करून पाहिली आहे. माझे मत आधीच सांगतो. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉक संगीतात, अवघड वाजवणारे पुष्कळ होऊन गेले; या अल्बममध्ये मात्र अवघड भाग गाण्यातल्या माणसाच्या मनात काय चालले आहे ते सांगतात, आणि तो माणूस अजून काहीतरी शोधतो आहे. ज्याला ते सापडले आहे अशा माणसाने लिहिलेला हा अल्बम नाही. माझ्या मते त्याचे आयुष्य लांबण्याचे मुख्य कारण हेच आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगणे गरजेचे आहे, कारण हा अल्बम अडचणीतून जन्मला. बँड कॅन्सस राज्याच्या टोपीका या राजधानीच्या गावचा, म्हणजे न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि लंडन या तिन्ही संगीतकेंद्रांपासून दूर, सपाट शेतजमिनीच्या मुलखातला. १९७४ आणि १९७५ या दोन वर्षांत त्यांचे तीन अल्बम आले आणि सतत दौरे करून त्यांनी श्रोते मिळवले. पण रेडिओवर घरोघर पोहोचेल असे गाणे त्यांच्याकडे नव्हते. त्यात चौथ्या अल्बमच्या वेळी मुख्य गायक आणि कीबोर्डवादक स्टीव्ह वॉल्श याला काही सुचेनासे झाले. तोपर्यंत लेखनाचा भार त्याच्यात आणि गिटार व कीबोर्ड वाजवणाऱ्या केरी लिव्हग्रेनमध्ये वाटला जात असे. आता तो जवळजवळ सगळा लिव्हग्रेनवर आला. आठपैकी पाच गाणी त्याने एकट्याने लिहिली, दोन वॉल्शबरोबर लिहिली आणि शेवटच्या रचनेखाली सहाही जणांची नावे आहेत. ध्वनिमुद्रण लुइझियानातल्या बोगलुसा या छोट्या गावाजवळच्या ‘स्टुडिओ इन द कंट्री’मध्ये झाले आणि निर्माता होता जेफ ग्लिक्समन. डॉन कर्शनरच्या कंपनीने ऑक्टोबर १९७६ मध्ये तो प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी तो बिलबोर्डच्या अल्बमांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत आणि ‘कॅरी ऑन’ हे गाणे एकेरी गाण्यांच्या यादीत अकराव्या क्रमांकापर्यंत गेले.

एका माणसाच्या डोक्यातून इतके काही एकदम बाहेर आल्यामुळे अल्बमला एक सलग स्वभाव मिळाला, जो आधीच्या तीन अल्बमांत नव्हता. नावात ‘उरलेसुरले’ आणि ‘ओव्हर्चर’ म्हणजे पाश्चात्त्य संगीतातला प्रवेशक, असे दोन शब्द जोडले आहेत. मुखपृष्ठावर लांब दाढीचा एक वृद्ध लेखणी घेऊन बसला आहे आणि त्याच्याभोवती कागदांचा पसारा पडला आहे. लिव्हग्रेनची तेव्हाची स्थिती मला त्या चित्रात दिसते.

आता आपल्याला आवडलेल्या गाण्याकडे वळतो, कारण पुढच्या सगळ्या अल्बमची किल्ली त्यातच आहे. हे गाणे सर्वांत शेवटी आले. तालमी जवळजवळ आटोपल्या होत्या, स्टुडिओत जाण्याची वेळ येऊन ठेपली होती, तेव्हा लिव्हग्रेनने आणखी एक गाणे असल्याचे सांगितले. सुरुवातीला एकही वाद्य नाही. फक्त माणसांचे आवाज, तेही एकमेकांत घट्ट विणलेले, ध्रुवपद म्हणतात. त्याचा आशय असा की भरकटलेल्या मुला, चालत राहा, तुझे काम संपले की शांती मिळेल. मग गिटारचा रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा सुरावटीचा छोटा तुकडा, येतो, ज्यात जोर ठोक्यावर पडेल असे वाटत असताना तो किंचित आधी पडतो आणि ऐकणाऱ्याचे पाऊल पुढे ढकलले जाते. ऑर्गन आणि गिटार यांची झटापट होते. पहिले कडवे सुरू व्हायला एक मिनिटाहून जास्त वेळ जातो, आणि ते सुरू होते तेव्हा सगळा गोंगाट थांबून जवळजवळ एकट्या पियानोवर एक माणूस बोलू लागतो.

या सुरुवातीची खरी किंमत मला कॉलेजच्या बँडमध्ये कळली. आम्ही चौघे एका मित्राच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत ते ध्रुवपद वाद्यांशिवाय गात होतो. प्रत्येकाचा सूर वेगळा गायला तर बरोबर होता, एकत्र गातानाही कानाला गोड वाटत होते. पण ध्रुवपद संपून गिटार आली की काहीतरी खटकायचे. शेवटी एकाने ट्यूनर समोर ठेवला, तेव्हा दिसले की तेवढ्या काही ओळींत आम्ही सगळे मिळून जवळजवळ पाव स्वराने खाली घसरत होतो आणि एकमेकांना धरून घसरत असल्यामुळे कोणालाच ते जाणवत नव्हते. रिफ मात्र आपल्या जागी पक्का होता आणि तो आमची चूक उघडी पाडत होता. पुढचे दोन महिने आम्ही रोज तेवढ्याच ओळी गायल्या. तेव्हापासून मला या गाण्याच्या रचनेत एक धाडस दिसते: ज्या गोष्टीला आधार नाही ती सर्वांत आधी ठेवायची, तिला स्वतःच्या बळावर उभे राहू द्यायचे आणि मग तिच्या शेजारी सर्वांत कठीण, न हलणारी गोष्ट आणायची. गाण्यातला माणूसही तसाच आहे. तो स्वतःच्या अहंकारावर उंच उडाला, पडला, आणि आता समुद्रात भरकटलेल्या नावेसारखा आहे. वर आवाज धीर देत आहेत आणि खाली जमीन हलत आहे.

या गाण्यात व्हायोलिन पुढे येतच नाही, हे मुद्दाम सांगतो. कॅन्ससची ओळख ज्या वाद्याने होते ते त्यांच्या या एवढ्या गाजलेल्या गाण्यात जवळजवळ नाही, त्यामुळे या एकाच गाण्यावरून बँड ओळखणाऱ्या श्रोत्याच्या हाती अर्धाच बँड येतो. व्हायोलिनवादक रॉबी स्टाइनहार्ट लहानपणापासून शास्त्रशुद्ध पद्धतीने शिकला होता. त्याचे वडील कॅन्सस विद्यापीठात संगीताच्या इतिहासाचे प्राध्यापक होते. तो वॉल्शच्या बरोबरीने गातही असे, आणि वॉल्शच्या धारदार, उंच आवाजाशेजारी त्याचा जाडसर, मातीतला आवाज या अल्बमला फार मोठा आधार देतो.

माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने इथे एक मोठा पेच आहे, आणि तो ज्या रीतीने सुटला आहे तिचा मी आजही अभ्यास करतो. पुरुषाचा उंच आवाज, इलेक्ट्रिक गिटार, ऑर्गन आणि व्हायोलिन या चौघांनाही साधारण ५०० ते ३००० हर्ट्‌झ या पट्ट्यात जागा हवी असते. बँडमध्ये गिटार वाजवणारे दोन, कीबोर्ड वाजवणारे दोन, शिवाय व्हायोलिन. सगळे एकाच वेळी बोलू लागले तर मिक्सिंगच्या टेबलावर काहीही केले तरी चिखलच होणार. माझ्याकडे येणारी तरुण मंडळी अशा वेळी ईक्यूने, म्हणजे आवाजातले वेगवेगळे पट्टे कमीजास्त करण्याच्या साधनाने, प्रत्येक वाद्य खरवडत बसतात. ‘लेफ्टओव्हर्चर’मध्ये ही भांडणे स्टुडिओत जाण्याच्या आधीच, रचनेत मिटवली आहेत. एक वाद्य बोलते तेव्हा दुसरे लांब स्वर धरून मागे थांबते, किंवा दोन वाद्ये एकच सुरावट एकत्र वाजवतात आणि त्यांतून तिसरेच वाद्य असल्यासारखा नाद तयार होतो. डेव्ह होपचा बास आणि फिल एहार्टचे ड्रम्स खालची जमीन इतकी मोकळी ठेवतात की वरच्यांना दाटीवाटी करावी लागत नाही. म्हणूनच हा अल्बम आज साध्या इअरफोनवरही उलगडतो.

दुसरे गाणे ‘द वॉल’. पिंक फ्लॉइडचा त्याच नावाचा अल्बम तीन वर्षांनंतरचा. दोघांचा संबंध नाही. अल्बममधले हे मला सर्वांत प्रिय गाणे आहे आणि आपण ते पुन्हा एकदा सावकाश ऐकावे अशी माझी विनंती आहे. आपण निवडलेल्या वाटेने चालता चालता समोर एक भिंत आली आहे. आपण जे आहोत आणि जे व्हावेसे वाटते त्यांच्यामध्ये ती उभी आहे, आणि हळूहळू लक्षात येते की ती आपणच, आपल्याच भीतीने बांधली आहे. एवढाच विषय. पण सुरावटीची चढण पाहा: प्रत्येक ओळ जिथे थांबेल असे वाटते तिथून आणखी एक पायरी वर जाते, आणि वॉल्श ती पायरी गळ्यावर ताण घेऊन चढतो, तो ताण लपवत नाही. आजच्या पद्धतीने हा ताण दुरुस्त करून सपाट केला असता, तर गाण्याचा अर्थच निघून गेला असता.

‘व्हॉट्स ऑन माय माइंड’ हे मधले गाणे साधे, ठाशीव रॉक आहे. ते दोन दाट गाण्यांच्या मध्ये श्वास घ्यायला आहे, त्याहून अधिक त्याच्यात मला काही सापडले नाही. त्यानंतर तबकडीच्या पहिल्या बाजूच्या अखेरीस ‘मिरॅकल्स आउट ऑफ नोव्हेअर’ येते, आणि आपल्याला जिथे अल्बम हातातून निसटला असे मी समजतो ती जागा हीच असावी. साडेसहा मिनिटांचे हे गाणे सकाळच्या प्रसन्नतेत सुरू होते, दोन्ही गायकांचे आवाज त्यात वाटून घेतलेले आहेत, आणि मध्यावर गाणे थांबून वाद्ये एकामागून एक शिरू लागतात. एकाने मांडलेले वाक्य दुसरा उचलतो, तोपर्यंत पहिला पुढच्या वाक्यावर गेलेला असतो, तिसरा येऊन दोघांच्या मधली फट शोधतो. युरोपच्या बरोक काळातल्या फ्यूगची ही पद्धत आहे. पहिल्यांदा ऐकताना सम कुठे आहे तेच कळत नाही आणि माणूस गोंधळून जातो. माझा सल्ला असा की त्या वेळी ताल मोजू नये; एकच वाद्य, शक्यतो व्हायोलिन, कानाने धरावे आणि त्याच्याबरोबर चालावे. दुसऱ्या वेळी ऑर्गन किंवा सिंथ (सिंथेसायझर) धरावा. तिसऱ्या वेळेपर्यंत तो भाग आपोआप एकत्र ऐकू येतो. त्यानंतर जेव्हा गायन परत येते आणि चमत्कार बाहेर शोधण्यापेक्षा आपल्या हातातल्या साध्या गोष्टी पाहाव्यात अशा अर्थाकडे गाणे वळते, तेव्हा मधल्या गुंत्याचे प्रयोजन कळते. तो गुंता वगळून आधीचा आणि नंतरचा भाग जोडून पाहिला तर शेवटचा दिलासा फुकट मिळाल्यासारखा वाटतो. मी एकदा टेपवर खरोखर तसे जोडून विद्यार्थ्यांना ऐकवले होते, आणि जे वाद्यवादन कंटाळवाणे आहे असे म्हणत होते त्यांनीच मूळ गाणे परत लावायला सांगितले.

दुसऱ्या बाजूची पहिली दोन गाणी, ‘ऑपस इन्सर्ट’ आणि ‘क्वेश्चन्स ऑफ माय चाइल्डहुड’, यांतले दुसरे झटपट आवडणारे आहे आणि पहिले जरा वेळ मागते. दोन्ही चांगली आहेत, पण मला थांबायचे आहे ते ‘शायेन अँथम’पाशी. शायेन हे उत्तर अमेरिकेच्या मध्य मैदानी प्रदेशातले मूळ लोक. आजच्या कॅन्सस राज्याचा मोठा भाग त्यांच्या शिकारीच्या आणि वावराच्या प्रदेशात होता. नोव्हेंबर १८६४ मध्ये कोलोरॅडोतल्या सँड क्रीक येथे सैनिकांनी शायेन आणि अरापाहो लोकांच्या वस्तीवर हल्ला करून दीडशेहून अधिक माणसे मारली, ज्यांत स्त्रिया, मुले आणि वृद्ध बहुसंख्य होते. १८६७ मध्ये कॅन्ससमधल्याच मेडिसिन लॉज येथे झालेल्या कराराने त्यांना त्या मुलखातून हलवून राखीव भागात पाठवले गेले. म्हणजे ज्या मातीत हा बँड उभा राहिला, त्याच मातीतून उठवलेल्या लोकांच्या तोंडून तो इथे बोलत आहे. दुसऱ्याच्या दुःखाला आपला आवाज देणे ही जोखमीची गोष्ट आहे. आज असे गाणे कोणी लिहिले तर त्याला अधिक कठोर प्रश्न विचारले जातील आणि ते विचारले जावेत. तरी या गाण्यात बढाई नाही, आणि आपल्या राज्याच्या इतिहासाकडे पाठ न फिरवण्याची इच्छा खरी आहे, असे मला मनापासून वाटते.

त्याची रचना पाहा. सुरुवात ॲकूस्टिक गिटार आणि शांत गायनाने होते, जणू कोणी निरोप घेत आहे. मध्ये लहान मुलींचे आवाज येतात. मग अचानक संगीत जत्रेतल्या खेळासारखे उड्या मारू लागते, आणि इथेच अनेक श्रोते दचकतात. एवढ्या गंभीर विषयात ही सर्कस कशाला, असा प्रश्न मलाही सुरुवातीला पडला होता. पुढे अनेकदा ऐकल्यावर ती जागा मला नव्या वस्तीच्या लोंढ्यासारखी वाटू लागली: गाड्या, बाजार, गलबला, आणि त्याला ज्यांच्या अंगावरून तो जातो आहे त्यांची जाणीवही नाही. तो गलबला ओसरला की शेवटचे समूहगान उभे राहते आणि त्याचा भार पूर्ण जाणवतो. ही माझी उकल आहे, रचनाकाराने ती सांगितलेली नाही. पण हा मधला भाग काढला तर शेवटाचे वजन कमी होते, हे कोणीही कानाने तपासून पाहू शकेल.

शेवटची ‘मॅग्नम ऑपस’ ही सव्वाआठ मिनिटांहून मोठी रचना सहा तुकड्यांची आहे आणि तिच्यात गायन अगदी थोडे आहे. तुटक कल्पना शिवून केलेली ही गोधडी आहे. काही ठिकाणचे टाके दिसतात. मला ती आवडते, पण अल्बमची उंची तिच्यावर अवलंबून नाही. एक तांत्रिक गोष्ट मात्र आपण जुनी एलपी घेणार असाल तर लक्षात ठेवावी. पहिली बाजू साधारण वीस मिनिटांची आहे आणि दुसरी तेवीस मिनिटांच्या पुढे जाते. बाजू जितकी लांब तितक्या खाचा जवळजवळ कोराव्या लागतात आणि आवाजाची पातळी थोडी खाली ठेवावी लागते. शिवाय तबकडीच्या केंद्राजवळ एका फेरीत सुईला कमी अंतर मिळते, त्यामुळे वरचे सूर खरखरीत होऊ लागतात. दुर्दैवाने या अल्बममधला सर्वांत गजबजलेला भाग नेमका तिथेच आला आहे. झिजलेल्या प्रतीवर ‘मॅग्नम ऑपस’ ऐकून ती गोंगाट आहे असे मत करू नये. २००१ सालची रीमास्टर केलेली, म्हणजे मूळ मुद्रणावरून आवाज नव्याने सुधारलेली, आवृत्ती या बाबतीत सुरक्षित आहे.

आता मूळ मुद्द्यावर परत येतो. लिव्हग्रेन त्या काळात निरनिराळ्या धर्मांचे आणि तत्त्वज्ञानांचे वाचन करत होता. १९७९ मध्ये त्याने ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली आणि पुढचे त्याचे लेखन त्या श्रद्धेतून आले. ‘लेफ्टओव्हर्चर’ त्याआधी तीन वर्षांचा आहे. त्यामुळे ‘कॅरी ऑन’, ‘द वॉल’ आणि ‘मिरॅकल्स’ यांत प्रश्न आहे, आस आहे, शांती मिळेल असा विश्वास आहे. ती कोणाकडून मिळेल याचे उत्तर दिलेले नाही. म्हणून श्रद्धावान श्रोता ही गाणी प्रार्थनेसारखी ऐकतो, देव न मानणारा स्वतःशीच केलेल्या बोलण्यासारखी, आणि दोघांनाही ती परकी वाटत नाहीत. विशीत मला यातली गती आवडत असे. चाळिशीनंतर, वडील गेल्यानंतरच्या वर्षात, मी पहिल्या गाण्यातले ते वाद्याविना ध्रुवपद वेगळ्याच कानाने ऐकले. अमेरिकेत ‘सुपरनॅचरल’ या २००५ ते २०२० या काळात चाललेल्या दूरचित्रवाणी मालिकेने हे गाणे आपल्या पर्वांच्या अखेरीस वापरले, आणि त्यामुळे जन्मानेच त्याच्याहून तीस वर्षांनी लहान असलेली एक पिढी त्याला आपले मानते. आपणही कदाचित त्याच वाटेने इथवर आला असाल.

रचना किती भक्कम आहे याची एक कसोटी अशी की मूळ माणसे बदलल्यावर ती टिकते का. अल्बमला चाळीस वर्षे झाल्यावर बँडने २०१६ पासूनच्या दौऱ्यात तो पूर्ण, क्रमाने मंचावर सादर केला आणि २०१७ मध्ये त्याचे थेट ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. गायक रॉनी प्लॅट होता, व्हायोलिन डेव्हिड रॅग्सडेलकडे होते. मूळ सहांपैकी फक्त गिटारवादक रिच विल्यम्स आणि ड्रमवादक फिल एहार्ट उरले होते. मी ते ऐकताना ‘मिरॅकल्स’चा मधला भाग मुद्दाम आधी लावला, आणि तो जसाच्या तसा उभा होता. स्टाइनहार्ट जुलै २०२१ मध्ये गेला. मूळ अल्बममधला त्याचा आवाज आणि गज मात्र कोणाला भरून काढता येणार नाही.

आपण आता असे करावे असे सुचवतो. पहिले गाणे या वेळी ऐकू नका. ते आपल्याला पाठ झाले आहे. एका संध्याकाळी ‘द वॉल’पासून सुरुवात करून पहिली बाजू ‘मिरॅकल्स’पर्यंत ऐका आणि थांबा. दुसऱ्या दिवशी फक्त ‘शायेन अँथम’ ऐका, शक्य तर हेडफोनवर, आणि मुलींचे आवाज संपून जत्रा सुरू होते त्या क्षणी आवाज कमी करू नका. तिसऱ्या दिवशी ‘कॅरी ऑन’पासून सगळे सलग लावा. एकूण सुमारे चव्वेचाळीस मिनिटे लागतील.